स्तानिस्लास जूलियें आणि चिनी ग्रंथांतील आपलीं नांवें

चालुक्यांच्या इतिहासावर मराठींत जीं पुस्तकें झालीं त्यांपैकीं ह्युएनत्संग ह्या चिनी यात्रेकरूची साक्ष ज्यांत काढलेली नाहीं असें पुस्तक आमच्या पाहण्यांत नाहीं. महाराष्ट्र देशाचा घेर सहा हजार ली. लोक मानी, उपकार स्मरणारे व अपकाराचा सूड घेणारे. युद्धापूर्वीं हत्तींस मद्य पाजण्याची चाल. पराभव पावलेल्या सेनापतीस दुसरी शिक्षा न करतां स्त्रियांचीं वस्त्रें देण्याची रीत. आणि उत्तरेच्या शीलादित्यासही दाद न देणारा क्षत्रिय राजा पुलकेशी. हें सर्व वर्णन आपल्या शालेय पुस्तकांपर्यंत उतरलें आहे. तथापि मूळ चिनी पानावर ‘पुलकेशी’ असें कोठें लिहिलेलें नाहीं व ‘महाराष्ट्र’ असेंही नाहीं. तेथें चार चार चिनी अक्षरें आहेत, आणि जुन्या युरोपीय पंडितांच्या लेखनपद्धतीप्रमाणें त्यांचा ध्वनि पु-लो-कि-शे व मो-हो-ला-छा असा होतो. ह्या ध्वनींतून आपलें नांव ओळखावें कसें, आणि ओळखलेलें बरोबर कीं चूक हें ठरवावें कशावरून, ह्या प्रश्नास पद्धतशीर उत्तर देण्याचा पहिला मोठा प्रयत्न पॅरिसच्या एका अध्यापकानें केला. त्याच्या विद्याव्यवसायाचें गुणदोषपरीक्षण करावें, व त्याच्या निर्णयांवर आपण किती भार घालावा हें पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. (यात्रेकरूचें नांव कोणी हिउएनसंग, कोणी युवानच्वांग असें लिहितात, आम्हीं रूढ रूप ठेविलें आहे. ज्याच्या स्वतःच्या नांवाविषयीं आपली एकवाक्यता नाहीं त्याच्याच साक्षीवर आपण इतरांचीं नांवें ठरवितों, ही मौज वाचकांनीं लक्षांत ठेवावी.)

स्तानिस्लास जूलियें ह्यांचा जन्म १७९७ सालीं फ्रान्समधील ऑर्लेआं ह्या शहरीं झाला. त्यांचा पहिला अभ्यास ग्रीक भाषेचा. पॅरिस येथील कॉलेज द फ्रान्स ह्या विद्यासंस्थेंत ते प्रथम ग्रीकच्या अध्यापकाचे साहाय्यक होते, आणि १८२२ सालीं कोलुथस नामक ग्रीक कवीच्या एका लहान काव्याची त्यांनीं आवृत्ति काढली. ह्याच संस्थेंत १८१४ सालीं चिनी व मांचू भाषांचें अध्यासन स्थापन झालें होतें. त्यावर आबेल रेम्युझा बसत. रेम्युझांच्या वर्गांत हे ग्रीक पंडित जाऊन बसूं लागले, आणि थोड्याच काळांत, १८२४ पासून, मेन्सियस ह्या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथाचें त्यांचें लॅटिन भाषांतर प्रसिद्ध होऊं लागलें. इतक्या अल्प अवधींत हें कसें साधलें, असें वाचकांस वाटेल. त्याचें मर्म मांचू भाषेंत आहे. चिनी शब्दांस विभक्ति नाहीं, वचन नाहीं, काळ नाहीं; परंतु चीनवर राज्य करणाऱ्या मांचू लोकांनीं चिनी अभिजात ग्रंथांचीं आपल्या भाषेंत भाषांतरें करविलीं होतीं, व मांचू भाषेंत विभक्तिप्रत्यय असल्यामुळें चिनी वाक्यांतील कर्ता कोण व कर्म कोण हें तींत उघड दिसतें. जूलियें मूळ चिनी पान व मांचू पान शेजारीं ठेवून वाचीत. आपल्याकडे एखादा संस्कृत ग्रंथ त्रुटित असला म्हणजे तिबेटी भाषांतराच्या आधारानें पाठ लावितात. त्यांतलाच हा मार्ग होय. भाषांतर हें मूळ समजण्याचें साधन होऊं शकतें हें ज्यास एकदां पटलें तो पोथीवाचनांत सहसा फसत नाहीं.

१८३२ सालीं पॅरिसमध्यें पटकीची सांथ आली, तींत रेम्युझा वारले, आणि त्यांचें आसन जूलियेंस मिळालें. तेव्हांपासून १८७३ सालीं मृत्यु येईपर्यंत एक्केचाळीस वर्षें तें त्यांच्याकडे राहिलें. पुढें राजकीय ग्रंथालयांतील चिनी पुस्तकांची देखरेखही त्यांच्याकडे आली. ह्या सर्व अवधींत त्यांनीं चीनचा किनारा पाहिला नाहीं. रेम्युझांनींही पाहिला नव्हता. ज्या देशाची भाषा शिकवावयाची त्या देशीं पाऊल न ठेवतां दोन गुरुशिष्यांनीं मिळून सुमारें साठ वर्षें एक अध्यासन चालवावें, ह्याचें कोणास हंसूं येईल. आम्हांस येत नाहीं. काशीस न जातां आयुष्यभर व्याकरण शिकविलेले शास्त्री आम्हीं पाहिले आहेत, आणि काशीस जाऊन आलेलेही पाहिले आहेत.

जूलियेंच्या स्वभावांतील चांगल्यांत चांगला गुण कोणता हें त्यांच्या लाओत्झच्या भाषांतरावरून दिसतें. रेम्युझांनीं १८२३ सालीं लाओत्झच्या ग्रंथांतील चौदाव्या प्रकरणांत यि, हि, वेइ हीं तीन अक्षरें पाहून असें मत दिलें होतें कीं, हें यहुद्यांच्या ईश्वराचें नांव असून तें पश्चिमेकडून चीनमध्यें गेलेलें आहे. मत मोठें चमत्कारिक, आणि म्हणूनच अनेकांस आवडलें. जूलियेंनीं १८४२ सालीं संपूर्ण ग्रंथाचें फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध करतांना चिनी टीकाकार काढून पाहिले, व त्या तीन अक्षरांस चिनी भाषेंतच रंगहीन, ध्वनिहीन, निराकार अशा धर्तीचे अर्थ आहेत, तीं परक्या नांवाचें लेखन नव्हेत, असें दाखवून गुरूचें मत खोडून काढिलें. गुरूच्या आसनावर बसून गुरूचें मत खोडण्यास जें धैर्य लागतें त्याहून अधिक महत्त्वाची गोष्ट ही कीं, नादसाम्यावर उड्या मारणाराचें काय होतें हें त्यांनीं येथें जवळून पाहिलें. पुढें त्यांचें स्वतःचें मुख्य कार्य नादांवरच उभें राहावयाचें होतें. आमच्याकडे प्रत्येक परदेशी नांवांत एखादें संस्कृत नांव शोधणाऱ्या मंडळींनीं हें प्रकरण अवश्य वाचावें.

त्यांच्या इतर ग्रंथांबद्दल येथें विस्तार नको. चिनी नाटकें व कादंबऱ्या त्यांनीं फ्रेंचमध्यें आणिल्या. सरकारी खात्याच्या सांगण्यावरून रेशमाच्या किड्यांच्या पालनावरील चिनी ग्रंथांचें सार १८३७ सालीं काढिलें, तें युरोपांतील अनेक भाषांत गेलें. चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांचा इतिहास १८५६ सालीं छापिला. हीं पुस्तकें उपयुक्त खरीं, पण ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस त्यांचें फारसें प्रयोजन नाहीं. त्यांतल्या त्यांत १८५९ सालीं त्यांनीं चिनी संग्रहग्रंथांतून वेंचून काढलेल्या भारतीय अवदानकथांचे तीन भाग मात्र आपल्या कथावाङ्मयाच्या अभ्यासकांनीं पाहण्यासारखे आहेत.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. फाहियान ह्या यात्रेकरूच्या प्रवासाचें रेम्युझांनीं केलेलें भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १८३६ सालीं निघालें होतें. ह्युएनत्संगचें काम त्याहून फारच मोठें. त्याच्या प्रवासवृत्तांताचे बारा खंड, त्याच्या शिष्यांनीं लिहिलेल्या चरित्राचे दहा. आणि दोहोंत गांवांचीं, राजांचीं, ग्रंथांचीं, विहारांचीं नांवें शेंकड्यांनीं. जूलियेंस हें काम हातीं घेतल्यावर कळून आलें कीं, उत्तम चिनी येत असूनही येथें भागत नाहीं, संस्कृत आलें पाहिजे. तेव्हां उतारवयांत ते संस्कृताकडे वळले. १८४९ सालीं बौद्ध ग्रंथांच्या चिनी व संस्कृत नांवांची एक तुलनात्मक यादी त्यांनीं प्रसिद्ध केली. १८५३ सालीं चरित्राचें भाषांतर व १८५७-५८ सालीं प्रवासवृत्तांताचे दोन भाग बाहेर पडले, आणि १८६१ सालीं चिनी पुस्तकांतील संस्कृत नांवें उलगडण्याची ‘पद्धति’ हा स्वतंत्र ग्रंथ झाला. त्यांत परभाषेंतील नादासाठीं वापरलेल्या अकराशें चिनी अक्षरांची सूचि आहे.

चिनी लिपि वर्णमालेची नव्हे. प्रत्येक अक्षर हा एक शब्द, त्याचा एक उच्चार. ‘क्षत्रिय’ लिहावयाचा तर तीन अक्षरें घेऊन छा-ति-लि असें करावें लागतें. ‘ब्राह्मण’ हा पो-लो-मेन होतो, ‘स्तूप’ हा सु-तु-पो, आणि ‘श्री’ एवढेंसें जोडाक्षर शि-लि अशा दोन अक्षरांचें. र आणि ल ह्यांचा भेद बहुधा बुडतो. एकेका संस्कृत वर्णासाठीं निरनिराळ्या भाषांतरकारांनीं निरनिराळीं अक्षरें योजिलीं, त्यामुळें गोंधळ वाढतो. जूलियेंनीं त्यावर काढलेला तोडगा आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. बौद्ध कोशकार व स्वतः ह्युएनत्संग पुष्कळ ठिकाणीं नांवाचें नादलेखन देऊन लगेच त्याचा चिनी अर्थही देतात. शि-लो-अ-ति-तो असें लिहून पुढें ‘शील-सूर्य’ अशा अर्थाचे दोन चिनी शब्द दिले आहेत. तेव्हां हा शीलादित्य, ह्याविषयीं शंका राहत नाहीं. हो-लि-शा-फा-तान-ना ह्यापुढें ‘आनंद-वृद्धि’ असा अर्थ आहे, तो हर्षवर्धन. अशा, नाद व अर्थ ह्या दोन साक्षींनीं पक्क्या झालेल्या नांवांतून प्रत्येक चिनी अक्षराचें संस्कृत मूल्य काढावयाचें, तें सूचींत नोंदावयाचें, आणि जेथें अर्थ दिलेला नाहीं तेथें ह्या सूचीच्या आधारानें नांव वाचावयाचें. ज्ञातावरून अज्ञाताकडे जाण्याची ही रीत आपल्या ताम्रपटवाचकांस नवी वाटणार नाहीं. शिवाय भाषांतरास त्यांनीं दोन्ही बाजूंनीं शब्दसूची जोडल्या आहेत, संस्कृतावरून चिनी व चिनीवरून संस्कृत. म्हणजे त्यांचा निर्णय ज्यास मान्य नसेल त्यास तपासतां यावा. असला प्रामाणिकपणा अनुवादकांत विरळा.

येथवर गुण झाले. दोष आम्हांस तीन दिसतात.

पहिला दोष उच्चाराचा. जूलियेंनीं अक्षरांचे उच्चार आपल्या काळच्या उत्तर चिनी बोलीचे घेतले. ह्युएनत्संग ६४५ सालीं चीनला परतला व ६४६ सालीं त्याचा वृत्तांत पुरा झाला. त्यानंतर बाराशें वर्षांत चिनी उच्चार ओळखूं न येण्याइतके पालटले होते. विशेषतः शब्दाच्या अंतीं येणारे क्, त्, प् हे उत्तर चिनींतून पार गेले. ‘फो’ ह्या अक्षरानें बुद्ध कसा होतो ह्याचें कोडें पडतें. पण सातव्या शतकांत तें ‘बुत्’ सारखें उच्चारीत असें कळल्यावर कोडें उरत नाहीं. हर्षवर्धनाच्या नांवांतील पहिलें अक्षर आज ‘हो’, तेव्हां ‘हत्’. चौथें आज ‘फा’, तेव्हां ‘ब्वत्’ सारखें. अंतींचा हा त् परक्या भाषेंतील र् दाखविण्यास वापरीत, म्हणून ‘हत्-लि-शा’ म्हणजे हर्ष व ‘ब्वत्-दान-ना’ म्हणजे वर्धन. ‘फा’ कडून ‘वर्’ येतो हें जूलियेंस उदाहरणांच्या साह्यानें ठाऊक होतें. तो कां येतो ह्याचा उलगडा पुढच्या पिढ्यांनीं केला. ६०१ सालच्या एका चिनी यमककोशाच्या व बोलीभाषांच्या आधारें स्वीडिश पंडित बेर्नहार्ड कार्लग्रेन ह्यांनीं १९१५ ते १९२६ ह्या काळांत प्राचीन उच्चारांची पुनर्रचना केली, आणि १९९१ सालीं पुलिब्लॅंक ह्यांचा त्याच विषयावरील कोश निघाला. जूलियेंच्या काळीं हें साधन नव्हतें. त्याबद्दल त्यांस दोष देणें म्हणजे यंत्र निघण्यापूर्वींच्या लेखकास अशुद्ध छपाईबद्दल दोष देणें होय. परंतु आज त्यांचें रूप उचलणारास ही सबब नाहीं. (चिनी व्याकरणकारांनीं आपल्या भाषेंतील व्यंजनें पुढें कंठ, तालु, दंत, ओष्ठ अशा स्थानांप्रमाणें लाविलीं, ती मांडणी बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या आपल्या वर्णसमाम्नायाच्या परिचयानें घडली असें मानितात. म्हणजे कार्लग्रेन ह्यांनीं जीं साधनें वापरिलीं त्यांत आपल्या शिक्षाग्रंथांचा दूरचा अंश आहेच.)

ह्या दोषाचा फटका आम्हीं स्वतः खाल्ला आहे, म्हणून तो जरा विस्तारानें सांगतों. शाळेंत संस्कृत शिकवीत असतांना एका इंग्रजी भाषांतरांत ‘मो-हो-ला-छा’ हें रूप आमच्या पाहण्यांत आलें. त्यावरून आम्हीं एक टिपण लिहिलें कीं, सातव्या शतकांत आपल्या देशीं ‘ष्ट्र’ ह्याचा उच्चार ‘छ’ सारखा होऊं लागला होता, व त्याचा माग पुढील मराठींत घेतां येईल. टिपण एका नियतकालिकांत छापून आलें. दोन विद्वानांनीं अभिनंदनाचीं पत्रें पाठविलीं. आक्षेप कोणींच घेतला नाहीं. सेवानिवृत्तीनंतर हौसेनें आम्हीं चिनी कोशाचीं २१४ मूलांगें गिरविलीं, प्राचीन उच्चारांचें कोष्टक मिळविलें, आणि त्यांत तें शेवटचें अक्षर पाहिलें. तें सातव्या शतकांत ‘छा’ नव्हतेंच. तें मूर्धन्य ‘ठा’ च्या जवळचें होतें. त्यामागील ‘ला’ हें ‘लत्’ होतें. अर्थात् यात्रेकरूनें लिहिलें तें ‘म-ह-लत्-ठा’ असें कांहींसें, आणि आमचा ‘छ’ हा उत्तर चीनमधील नंतरच्या शतकांचा, महाराष्ट्राचा नव्हे. चूक आमची खरी. पण ती छापली जाऊन इतकीं वर्षें कोणाच्या लक्षांत न यावी, ह्याचा अर्थ असा कीं, ज्या अक्षरांवर आपण आपल्या देशाच्या नांवाचा इतिहास लिहितों तीं अक्षरें पाहणारा आपल्यांत कोणी नव्हता.

‘लत्-ठा’ पाहून कोणासही प्राकृत ‘रट्ठ’ आठवेल, आणि ह्युएनत्संगानें ‘महारट्ठ’ असें लोकांच्या तोंडून ऐकलें असें म्हणण्याचा मोह होईल. आम्हांसही झाला. पण त्याच ग्रंथांत सुराष्ट्र देशाचें नांव सु-ला-छा असें असून त्यांतील शेवटचीं दोन अक्षरें हींच आहेत. तेव्हां ‘राष्ट्र’ ह्या शब्दासाठीं त्यानें एक ठराविक जोडी केली होती, व ‘ष्ट्र’ हें जोडाक्षर चिनी लिपींत बसविण्याचा तो एक मार्ग असेल, हेंही तितकेंच शक्य आहे. एवढ्यावरून निकाल देणें धाडसाचें होईल.

दुसरा दोष पहिल्याशीं लागून आहे. जूलियेंची सूचि अक्षरांप्रमाणें आहे, काळाप्रमाणें नाहीं. चीनमध्यें बौद्ध ग्रंथांचें भाषांतर दुसऱ्या शतकापासून चालू होतें. आरंभीच्या भाषांतरकारांपुढें असलेले ग्रंथ पुष्कळदां शुद्ध संस्कृतांत नव्हते. ‘ध्यान’ ह्याचें चिनी ‘छान’ हें प्राकृत ‘झान’ वरून निघालें. जुन्या रूपांस ह्युएनत्संग स्वतःच अशुद्ध म्हणतो व नवीं देतो. आपल्या देशाच्या नांवाविषयीं तर त्यानें मोठीच चर्चा केली आहे: पूर्वींचीं तीनचार चिनी रूपें सांगून तीं टाकून दिलीं, ‘इन्-तु’ हें शुद्ध ठरविलें, आणि त्याचा संबंध चंद्रवाचक ‘इंदु’ शब्दाशीं जोडिला. ही व्युत्पत्ति चुकली, तरी नांव टिकलें. चिनी लोक भारतास आजही ह्याच नांवानें ओळखतात. सांगावयाचें तें हें कीं, दुसऱ्या शतकांतलें लेखन व सातव्या शतकांतलें लेखन एका कोष्टकांत घातलें म्हणजे सर्वच नांवें पाणिनीय संस्कृताच्या सांच्यांत पडतात. जूलियेंच्या पुनर्रचनांत हें झालें आहे. आपल्याकडे यादवकालीन व पेशवेकालीन कागदांतील रूपें एका ओळींत मांडून त्यांवरून शब्दाचा इतिहास लिहिणारे अजून आढळतात, तेव्हां परक्याचा दोष सांगतांना फार मोठा आवाज काढवत नाहीं.

तिसरा दोष स्वभावाचा. गिओम पोतिये हा त्यांचाच समकालीन चिनी पंडित. भारताविषयींच्या कांहीं चिनी उताऱ्यांचें त्यानें भाषांतर केलें, त्यावर जूलियेंनीं १८४१ सालीं टीकाग्रंथ लिहिला. चुका दाखविल्या त्या बहुतेक खऱ्या होत्या. परंतु पुढच्याच वर्षीं दोघांनीं एकमेकांविरुद्ध पुस्तकें काढलीं, आणि त्यांच्या नुसत्या नांवांवरूनच वाद विद्येचा राहिला नव्हता हें कळतें. हे दोघेही १८७३ सालीं, एकामागून एक महिन्याच्या आंत वारले. आपल्या क्षेत्रांत दुसरा माणूस उभा राहिलेला जूलियेंस खपत नसे असा आमचा ग्रह झाला आहे. तथापि एक गोष्ट त्यांच्या बाजूनें नमूद करणें न्याय्य होईल. चिनीविषयक उत्तम ग्रंथास द्यावें म्हणून त्यांच्या नांवानें पॅरिसमध्यें एक पारितोषिक आहे, आणि तें १८७५ सालीं प्रथम मिळालें तें जेम्स लेग ह्या स्कॉटिश पंडितास. लेग ह्यांचीं वर्षांमागून वर्षें हाँगकाँगमध्यें गेलीं होतीं व वांग ताओ नांवाच्या चिनी विद्वानाचें साह्य त्यांस होतें. म्हणजे जूलियेंच्या मार्गाच्या अगदीं उलट मार्गानें ते त्याच ठिकाणीं पोंचले होते.

त्यांच्या शेवटच्या ग्रंथाचा उल्लेख येथें मुद्दाम मागें ठेविला. १८६९-७० सालीं त्यांनीं चिनी वाक्यरचनेवर दोन भाग प्रसिद्ध केले. शब्दाच्या स्थानावर आधारलेली नवी वाक्यरचना, असें त्याचें नांवच आहे. संस्कृतांत ‘व्याघ्रः नरं हन्ति’ ह्यांतील शब्द कसेही फिरविले तरी मारणारा वाघच राहतो. चिनींत शब्द फिरविले कीं मरणारा बदलतो. प्रत्ययांच्या जागीं तेथें स्थान आहे. आमच्या मतें जूलियेंच्या सर्व कार्यांत टिकाऊ भाग हाच. नांवांच्या उलगड्यांत पुढील पिढीनें त्यांस मागें टाकिलें, ह्यांत तितकें टाकिलें नाहीं. आणि त्याचा उपयोग आपल्याच प्रकरणांत करून पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्राच्या राजधानीचें नांव ह्युएनत्संग देत नाहीं. तिच्याविषयींच्या वाक्यांत शब्दांचा क्रम राजधानी, पश्चिम, सन्मुख असणें, मोठी नदी असा आहे. घाईनें वाचणारास राजधानी देशाच्या पश्चिमेस होती असा भास होतो. परंतु ‘पश्चिम’ हा शब्द नगराच्या नंतर व क्रियापदाच्या आधीं आला आहे. तेव्हां नगर आपल्या पश्चिमेस मोठ्या नदीकडे तोंड करून आहे, म्हणजे नदी नगराच्या पश्चिमेस, असाच अर्थ स्थानानुरोधें होतो. ही राजधानी कोणती ह्यावर बराच खल झाला आहे. फ्लीट ह्यांनीं नाशिककडे कौल दिला. पैठणचा पक्ष घेणारांनीं मात्र एवढें पाहावें कीं, तें नगर गोदावरीच्या उत्तर तीरावर आहे, आणि नदी त्याच्या दक्षिणेस वाहते. बदामीस तर मोठी नदीच नाहीं.

पु-लो-कि-शे ह्या नांवापुढें यात्रेकरूनें अर्थ दिलेला नाहीं. म्हणजे जूलियेंच्या दोन साक्षींपैकीं येथें एकच आहे, नादाची. सुदैवानें ह्या चार अक्षरांचा प्राचीन उच्चार ‘पु-ल-के-श’ ह्याच्या अगदीं जवळचा ठरतो, आणि दुसरी साक्ष ऐहोळेच्या शिलालेखांत उभी आहे. रविकीर्तीचा तो लेख शके ५५६ चा, म्हणजे इ. स. ६३४-३५ चा, यात्रेकरू त्यानंतर कांहीं वर्षांतच ह्या भागांत आला, आणि हर्षास दक्षिणेंत यश आलें नाहीं हें दोघेही सांगतात. कोरीव लेखांत ह्या राजाचें नांव पुलकेशी, पोलेकेशी अशा निरनिराळ्या रूपांनीं येतें. चिनी लेखन पहिल्यास जुळतें. एवढें भाग्य सर्व नांवांच्या वांट्यास आलेलें नाहीं.

१८८४ सालीं बील ह्यांचें इंग्रजी भाषांतर निघेपर्यंत संपूर्ण प्रवासवृत्तांत युरोपीय भाषेंत वाचावयाचा तर जूलियेंचें फ्रेंच पुस्तकच घ्यावें लागे. कनिंगहॅम ह्यांचा भारताच्या प्राचीन भूगोलावरचा १८७१ सालचा ग्रंथ त्यावरच उभा आहे. भांडारकरांनीं दक्षिणेच्या प्राचीन इतिहासांत ह्याच यात्रेकरूच्या वर्णनाचा उपयोग केला, आणि तेथून तें मराठींत आलें. चिनी अक्षरांतून फ्रेंच, फ्रेंचांतून इंग्रजी, इंग्रजींतून मराठी, असा हा प्रवास. दर टप्प्यास मूळ अक्षर एकेक पडदा मागें गेलें. पुण्यासच ही वाट उलट चालून जाणारे विद्वान होऊन गेले नाहींत असें नाहीं. वासुदेव विश्वनाथ गोखले ह्यांनीं अक्षरशतकाचें तिबेटी व चिनी भाषांतरांवरून संपादन करून १९३० सालीं जर्मनींत प्रसिद्ध केलें. पु. वि. बापट ह्यांनीं विमुत्तिमग्गाच्या चिनी भाषांतराची विसुद्धिमग्गाशीं तुलना करून तो ग्रंथ १९३७ सालीं पुण्यांत छापिला. पुढें समंतपासादिकेच्या चिनी भाषांतराचें हिराकावा ह्या जपानी पंडिताबरोबर त्यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर १९७० सालीं भांडारकर संस्थेनें काढिलें. हीं कामें बौद्ध ग्रंथांचीं झालीं. महाराष्ट्राच्या इतिहासाचीं चिनी पानें आपल्यापैकीं कोणीं मूळ अक्षरांवरून तपासून मराठींत आणिलेलीं आमच्या पाहण्यांत नाहींत.

ह्युएनत्संगच्या अकराव्या खंडांतील महाराष्ट्राचें प्रकरण कांहीं शें अक्षरांचेंच आहे. तोकियोच्या तैशो संस्करणांत हा ग्रंथ २०८७ ह्या क्रमांकावर सांपडतो. तें प्रकरण आम्हीं उतरून घेतलें असून त्यांतील नांवांचें एक कोष्टक करीत आहों. मूळ अक्षर, जूलियेंनीं दिलेलें रूप, सातव्या शतकांतील उच्चार, आणि आपल्या कोरीव लेखांतील रूप अशीं चार सदरें धरिलीं आहेत. दुसऱ्या सदराचें काम अडलें आहे. १८६१ सालच्या ‘पद्धती’ची जी प्रत आम्हांस एका स्नेह्याकडून कांहीं दिवसांपुरती मिळाली, तिच्या सूचीच्या शेवटच्या भागांत वाळवी शिरली असून पुष्कळ पानांवरील अक्षरें गेलीं आहेत. ज्या कोणा संग्राहकाजवळ ह्या ग्रंथाची धड प्रत असेल त्यांनीं ती पाहण्यास द्यावी. प्रत त्यांच्याच घरीं बसून, त्यांच्याच देखत उतरून घेण्यास आम्ही तयार आहों.